हरीओमच्या पानावरची बाटली

हैदराबाद,
५ जानेवारी २०२५

वहिनी,
सप्रेम नमस्कार.

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्ही हे पाकीट चुलीत घातलं नसेल, अशी आशा धरून लिहिते. फोन तुम्ही उचलत नाही. उचलला असता तर मी काय बोलले असते, तेही मला ठाऊक नाही. शेलूबाजारच्या बांगड्यावाल्या सुगराबी मावशी मालेगावच्या बाजारात बसतात ना, त्यांच्याकडून तुमच्या अंगणवाडीचा पत्ता मिळाला.

मी इथं प्रयोगशाळेत आहे. मासे पाळते म्हणा ना! बोटाच्या पेराएवढे, अंगावर पट्टे असलेले. त्यांची अंडी काचेसारखी आरपार असतात, त्यामुळे आतलं पिल्लू वाढताना दिसतं. त्याच्या मेंदूत रक्ताच्या नळ्या कशा शिरतात, हे सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचं हे माझं काम. दादा लोकांना सांगायचा म्हणे, "आमची साधना माशाचं डोकं खाते, आपलं कोणी खाल्लं तर नवल नाही."

बाबा बरे आहेत. कानानं कमी ऐकू येतं. पोस्टातून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी रोज दुपारी पोस्टमनची वाट बघतात. दादा गेल्यापासून घरात सांबार आणू देत नाहीत. आपला सांबार, ज्याला माझ्या पुण्याच्या मैत्रिणी कोथिंबीर म्हणतात. कारण विचारलं तर ताटावरून उठून जातात.

मनू कशी आहे? आता तिसरी-चौथीत असेल. उंची किती झाली? झोप नीट लागते का? कधी एकटक बघत बसते, हाक मारली तर ओ देत नाही, असं काही होतं का? सहज विचारते. आणि दादाचे शेवटचे दवाखान्याचे कागद तुमच्या पेटीत असतील तर एकदा बघायला मिळतील का? घाई नाही.

तुमची,
साधना

*

मालेगाव (जि. वाशीम),
१८ जानेवारी २०२५

साधनाताई,
नमस्कार.

पाकिटावर तुम्ही माझ्या नावाआधी "सौ." लिहिलंत. पोस्टमननं ते दोनदा वाचलं आणि माझ्या कपाळाकडे बघितलं. तुम्ही मुद्दाम केलं नसेल, हात सवयीनं चालला असेल. पण तुमच्या घरची सवय अशीच आहे, आधी करायचं आणि मग बघायचं.

मासे बघायचा पगार मिळतो हे ऐकून आमच्या मदतनीस बाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "आमच्या तलावावर पोट्टे दिवसभर तेच करतात, त्यायले कोणी काही देत नाही." हसू द्या त्यांना. मला मात्र तुमच्या पत्राचं हसू आलं नाही.

कागद कशाला हवेत? ते दारूनं मेले, हे आणखी कुठं लिहून ठेवायचं राहिलंय? दर अक्षय तृतीयेला तुमचे बाबा, आमचे मामाजी, पितरांचं पान वाढतात. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते पानावर ठेवायचं, ही रीत मला मान्य आहे. सासूबाईंच्या पानावर सांडगे, आजेसासऱ्यांच्या पानावर विडी. आणि तुमच्या दादाच्या पानावर, पुरणपोळीला खेटून, दारूची क्वार्टर. दोन वर्षं मी ते पान बघितलं. सगळ्या गल्लीनं बघितलं. तिसऱ्या वर्षी मी गेले नाही, आणि कुणी बोलवायलाही आलं नाही.

मनू उंच आहे, तुमच्या घरासारखी. झोप चांगली. नाटकं मात्र फार शिकली आहे. मागच्या आठवड्यात चौथीच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. वर्गात मध्येच फ्रॉकची गुंडी ओढत बसते, मिटक्या मारते, हाक मारली तर बघत नाही. आणि मग एकदम विचारते, "बाई, हळद कोण शिजवून राह्यलं?" हळद शिजवायला अजून महिना आहे. सगळा वर्ग हसला. बाईंना वाटलं पोरगी चेष्टा करते. मी घरी आणून दोन रट्टे दिले.

आता तुम्ही विचारलं तसं मी सांगितलं. यापुढं काही विचारू नका.

वैजयंती

*

हैदराबाद,
२६ जानेवारी २०२५

वहिनी,

पाकिटावरच्या त्या एका अक्षराबद्दल मला क्षमा मागायची आहे, पण ती नंतर. आधी हे. मनूला मारू नका. ती नाटक करत नाही.

मागच्या पत्रात मी "सहज" असं लिहिलं, ते खोटं होतं. सहज काहीच नव्हतं. आता सगळं सांगते, थोडं लांबेल.

माशाचं पिल्लू अंड्यात दीड दिवसाचं झालं की त्याच्या मेंदूखाली रक्ताच्या नळ्या तयार असतात, पण मेंदूच्या आत जवळजवळ एकही नसते. मग नळीच्या भिंतीतली एखादी पेशी बोटं पुढं काढते आणि चाचपडत आत शिरते. मागच्या पेशी तिचा हात न सोडता मागोमाग जातात. समोरून दुसरी नळी येते, दोघींची गाठ पडते, मधून पोकळी होते आणि रक्त धावू लागतं. आमच्या माशांत या पेशी हिरव्या चमकतात, म्हणून जिवंत पिल्लात हे सगळं दिसतं. पुढं काही नळ्या जास्तीच्या होतात. जिथं रक्ताची धार बारीक पडते तिथल्या पेशी सहसा मरत नाहीत. त्या उठून शेजारच्या वाहत्या नळीत जाऊन बसतात, आणि रिकामी नळी मिटते. आठ वर्षं मी हेच बघते आहे. अजून कंटाळा आला नाही.

पण काही माशांत एक बिघाड जन्मतःच असतो. त्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट धरत नाहीत. नळी फुगते, भिंत पातळ होते. माणसांतही हा बिघाड असतो. त्यांच्या मेंदूत पातळ नळ्यांचा गुच्छ होतो, तुतीच्या फळासारखा. कुणाला त्याचा जन्मभर पत्ता लागत नाही. कुणाला झटके येतात. कुणाच्या डोक्यात एक दिवस रक्त फुटतं.

नोव्हेंबरमध्ये एका डॉक्टरांनी आम्हाला अशा रुग्णाची फिल्म दाखवली. तो माणूस शर्टाची गुंडी ओढत होता, मिटक्या मारत होता. जीभ जड झाली होती. उठून चार पावलं झोकांड्या खात चालला आणि भिंतीला टेकून झोपला. आजूबाजूचे लिहून घेत होते. मी मात्र उभी राहिले होते. तो आपला दादा होता, वहिनी. चेहरा दुसऱ्याचा, बाकी सगळा दादा.

फेफरं प्रत्येक वेळी हातपाय झाडत येत नाही. कुणाला आधी कसला तरी वास येतो, जो तिथं नसतो. मनूला हळदीचा येतो. तिला अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या, डोक्याचा एम.आर.आय. करून घ्या. मी यायला तयार आहे. दादालाही असा वास यायचा का, तेवढं आठवून सांगा.

साधना

*

मालेगाव,
६ फेब्रुवारी २०२५

साधनाताई,

तो शब्द पुन्हा पत्रात लिहू नका. माझ्या गैरहजेरीत मदतनीस बाई पाकिटं फोडतात. माझी पोरगी नऊ वर्षांची आहे, तिला या गावात मोठं व्हायचं आहे.

तुमचे दादा दारू प्यायचे. शेलूबाजारात कुणालाही विचारा. त्यांना कसलाही वास येत नव्हता, त्यांचाच वास लोकांना यायचा. मनूला काही झालेलं नाही. रट्टे दिल्यापासून एकदाही नाटक केलं नाही.

तुमचे मासे तुम्हाला लखलाभ. माणसं सोडा.

वैजयंती

*

हैदराबाद,
१७ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

हे पाकीट मी रजिस्टर करते आहे, तुमच्याच हातात मिळेल.

मला वाटलं होतं, मी फक्त शास्त्रातलं लिहीन आणि तुम्ही ऐकाल. माझं स्वतःचं लिहायची वेळ येणार नाही. मी चुकले. तुम्ही माझं का ऐकावं?

दादा गेला त्या वर्षीची भाऊबीज आठवा. तुम्ही मनूला घेऊन माहेरी होतात. मी हैदराबादहून आलेच नाही. दारुड्या भावाला ओवाळायचं नाही, असं मीच बाबांना फोनवर सांगितलं होतं. त्यानं ते शेजारी बसून ऐकलं असणार. भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी सकाळी अकराला तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, "ताई, तुमचे दादा फोन उचलून नाही राह्यले. मले भेव वाटते. कोणाले तरी पाह्यले पाठवा." मी तेव्हा अंडी निवडत होते. चांगली एका बशीत, खराब दुसरीत. फोन खांद्यानं कानाशी धरला होता. मी म्हणाले, "पडला असेल कुठं पिऊन. उतरली की उचलेल."

दादा त्या वेळी शेलूबाजारच्या स्टँडवर पडला होता. बाजाराचा दिवस. अकरापासून दोनपर्यंत लोक त्याला वळसा घालून जात होते. मी एक फोन शेजारच्या रामधनकाकांना केला असता तर तीन तास वाचले असते. मी अंडी निवडली. त्या दिवशीची नोंद अजून माझ्या वहीत आहे, एकशे बारा चांगली.

मी माशाच्या डोक्यातल्या एका पेशीला सोळा सोळा तास बघत बसते. माझ्या भावाला मी दोन मिनिटं नीट बघितलं नाही. लाज वाटते, वहिनी. जेवताना वाटते, काम करताना वाटते. लोक माझ्या फिल्म बघून वाहवा करतात तेव्हा सगळ्यात जास्त वाटते.

आणखी एक. डिसेंबरमध्ये मी माझ्या डोक्याचा एम.आर.आय. करून घेतला. दोन गुच्छ आहेत. लहान आहेत, आत्ता काही त्रास नाही, दर वर्षी बघत राहायचं. बाबांना सांगितलेलं नाही. आई अडतीसाव्या वर्षी विहिरीवर कपडे धुताना गेली, तेव्हा सगळे म्हणाले ऊन लागलं. आता मला तसं वाटत नाही. हे आईकडून दादाला आणि मला आलं. दादाकडून मनूला आलं असेल किंवा नसेल, शक्यता अर्धी अर्धी. तुमच्याकडून काही आलेलं नाही. तुमच्यावर कुणी कधी काही बोललं असेल तर त्याला हे पत्र दाखवा.

माझं तोंड पुन्हा बघू नका हवं तर. पण मनूला न्या.

साधना

*

मालेगाव,
९ मार्च २०२५

साधनाताई,
नमस्कार.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुमच्याशीच नाही, दहा वर्षं सगळ्या जगाशी खोटं बोलले.

तुमचे दादा दारू पीत नव्हते.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी शेतात पहिल्यांदा मी ते बघितलं. आधी म्हणाले, "हळद शिजून राह्यली काय कुठं?" मग शर्टाची गुंडी ओढायला लागले आणि बांधावर कलंडले. मी नाकाशी कांदा धरला. जाग आल्यावर माझा हात धरून म्हणाले, "कोणाले सांगू नको. साधनाचं पाहून राह्यलो आपण." तुमच्यासाठी तेव्हा पुसदचं स्थळ आलं होतं, आठवत असेल.

पुढं एकदा सोयाबीन काढताना चार लोकांसमोर झालं. मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात रामधनकाका म्हणाले, "काय हरीओम, सकायी सकायीच मारली काय?" सगळे हसले आणि आपापल्या कामाला लागले. त्या संध्याकाळी तुमचे दादा मला म्हणाले, "पाह्यलं काय वैजू? दारू म्हणलं की लोक हासतात अन् जातात. फेफरं म्हणलं की घर ध्यानात ठेवतात. दारुड्याची बहीण खपते, फेफरंवाल्याची नाही खपत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्वार्टर आणली. खिशात ठेवायचे. हळदीचा वास आला की झाकणभर शर्टावर शिंपडायचे, तेवढा वेळ मिळायचा त्यांना. तोंडात कधी घेतली नाही. एकदा चव बघितली होती, थुंकून आले आणि गूळ मागितला. एक बाटली त्यांना सहा महिने पुरायची. मी ती शेवयांच्या डब्यामागं ठेवायचे.

मामाजी त्यांना सगळ्यांदेखत बेवडा म्हणायचे, तेव्हा ते खाली मान घालून हसायचे. तुम्ही बोलणं टाकलं तेव्हा मात्र दोन दिवस जेवले नाहीत. मी म्हटलं, ताईंना तरी सांगा. म्हणाले, "तिचं लगन होऊ दे."

मग तुम्हीच ते स्थळ नाकारलं आणि हैदराबादला गेलात. त्या वेळी ते म्हणाले, "आता चाल वैजू, अकोल्याले जाऊ, दाखवून येऊ." ते तयार होते, ताई. नको म्हणाले ती मी. माझ्या मांडीवर मनू होती. मी म्हटलं, "एवढी वर्षं झाकलं, आता पोरीसाठी झाका." त्यांनी झाकलं. दोन वर्षांनी स्टँडवर पडले, तेव्हाही शर्टाला वास होता. म्हणून कुणी उचललं नाही. तुम्ही फोन केला नाही म्हणून नाही. माझ्या बाटलीमुळं.

तुम्ही तुमचं लिहिलं म्हणून मी हे लिहिते आहे. नाहीतर मी हे घेऊनच मेले असते.

काल अंगणवाडीच्या ओट्यावर मनू पडली. या वेळी हातपाय झाडले. मदतनीस बाई पाणी आणायला आत पळाल्या. त्या बाहेर यायच्या आत माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, "ऊन लागलं." तुमच्या आईच्या वेळचंच वाक्य. ते मी बोललेसुद्धा. बाईंना पटलंही. मनू डोळे उघडून माझ्याकडे बघत होती आणि मला माझीच भीती वाटली.

चोवीस तारखेला अकोल्याला नंबर लावला आहे. भाऊ सोबत येतो आहे, त्याला मनूच्या चष्म्यासाठी जातो असं सांगितलं आहे. सोबत तुमच्या दादाच्या पोस्टमॉर्टेमच्या कागदाची झेरॉक्स ठेवली आहे. इंग्रजीत आहे, मी कधी वाचून घेतली नाही. वाचायला कुणाकडे नेणार होते?

वैजयंती

*

हैदराबाद,
१६ मार्च २०२५

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी प्रयोगशाळेतून घरी आले. मासे आज दुसऱ्या कुणी बघितले.

कागद वाचला. कवटीला कुठं तडा नाही. रक्त मेंदूच्या आत खोलवर आहे. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे की शर्टाला दारूचा वास होता, पोटात नव्हता. पोटात चहा आणि पोहे होते. सहा वर्षं ही ओळ तुमच्या पेटीत होती. मी इंग्रजी वाचते, वहिनी. मी एकदा मागितला असता तर तेव्हाच कळलं असतं. कुणी मागितलाच नाही.

पुसदचं ते स्थळ मी का नाकारलं, ते दादाला कधी सांगितलं नाही. मला मुलगा आवडला नाही असं काही नव्हतं. मला मासे बघायचे होते. एवढंच. तो माझ्यासाठी चारचौघांत दारुडा झाला आणि मला त्या लग्नाची गरजच नव्हती. हे मी कुणाला सांगू? तुम्हालाच सांगते.

तुम्ही स्वतःला दोष देता तो मला खोडता येत नाही, कारण मग माझाही खोडावा लागेल. पण कागदावर बाटलीचं नाव नाही. रक्त फुटलं ते नळीच्या भिंतीमुळं, हे मात्र मला खात्रीनं माहीत आहे. लवकर उचललं असतं तर वाचला असता की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही.

आता एक गोष्ट तुम्ही ठरवायची आहे. तीस एप्रिलला अक्षय तृतीया आहे. बाबा पुन्हा ती बाटली ठेवतील. दादाच्या नावावरचा डाग पुसायचा तर खरं काय होतं ते सांगावं लागेल, आणि ते सांगितलं की उद्या मनूचं नाव पुढं येईल. मी असा विचार केला आहे की माझं नाव पुढं करा. साधनाच्या डोक्यात आहे, तेच हरीओमच्या होतं, असं सांगा. मला आता कुणी बघायला येणार नाही. मनूचं झाकून ठेवा. हवं तर दादाचंही झाकून ठेवा. तुम्ही म्हणाल तसं. मी तुमच्या परवानगीशिवाय बाबांशी एक शब्द बोलणार नाही.

मनूसाठी सोबत तीन छापील फोटो पाठवते. माशाच्या पिल्लाचा मेंदू, आत शिरणाऱ्या हिरव्या नळ्या.

साधना

*

मालेगाव,
२ मे २०२५

साधनाताई,
अनेक आशीर्वाद. तुम्ही ताई असलात तरी वयानं मी मोठी आहे, म्हणून आशीर्वाद.

अकोल्याचं आधी सांगते. मनूच्या डोक्यात एक आहे. उजव्या बाजूला, वाटाण्याएवढा. डॉक्टर म्हणाले, आत्ता कापाकापी नको, गोळ्या नियमित द्या, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू. गोळ्या सुरू झाल्यापासून एकदाही हळदीचा वास आलेला नाही. तुमचे तीन फोटो तिनं विज्ञानाच्या वहीत चिकटवले आहेत. पेशी हात धरतात ते तुमच्या पत्रातलं मी तिला वाचून दाखवलं होतं. आता बाईंना सांगते, "माह्या डोक्यात पन असंच हाय, पन एक पोरगी हात सोडून राह्यली." म्हणजे मी शाळेत सांगून टाकलं आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. बाईंनी तिला पहिल्या बाकावर घेतलं आहे. दोन पोरींच्या आयांनी आपल्या पोरी तिच्या शेजारून उठवल्या, तेही झालं. ते मी गिळलं.

आता अक्षय तृतीयेचं. मी मनूला घेऊन शेलूबाजारला गेले. मामाजींनी दारातच मनूला बघितलं आणि म्हणाले, "एवढी झाली?" घागर भरून ठेवली होती, पानं वाढलेली होती. रामधनकाका आणि गल्लीतले आणखी तिघं ओसरीवर बसले होते. तुमच्या दादाच्या पानावर क्वार्टर होती. मनूनं मला विचारलं, "आई, हे काय हाय?"

मी सगळी तयारी करून गेले होते. मामाजींना कमी ऐकू येतं, त्यामुळे मला मोठ्यानं बोलावं लागलं. कुजबुजून सांगायची सोयच नव्हती. मी म्हटलं, "मामाजी, ते दारू पेत नव्हते. त्यायले फेफरं होतं. अंगावर शिंपडत होते, कोणाले कळू नये म्हणून. मले माहीत होतं. मनूलेबी तेच हाय." तुमचं नाव मी घेतलं नाही. तुमची ढाल मला नको होती. ज्याचं त्यानं सांगायचं.

मामाजींनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, तेवढ्याच मोठ्यानं. ते खाली बसले. मग म्हणाले, "मी त्या दिवशी त्याले पाह्यलं होतं."

कुणालाच कळलं नाही. ते म्हणाले, "स्टँडच्या ओट्यापाशी पडला होता. एका पायात चप्पल नव्हती. माह्या हातात सांबाराची जुडी होती. सगळा बाजार पाहून राह्यला होता, हा पोस्टमास्तर अन् हे त्याचं पोट्टं. मले लाज वाटली. मी तिकून वळलो अन् घरी आलो. सांबार निवडत बसलो. अर्धा निवडून झाला अन् लोक बलवाले आले."

ताई, मला आजवर वाटत होतं की हे ओझं माझं एकटीचं आहे. मग तुमचं पत्र आलं, मग तुमचं कळलं. आणि तिसरं माणूस त्या घरात सहा वर्षं सांबाराशिवाय जेवत होतं. रामधनकाका उठून जायला निघाले होते, ते जोड्यापाशीच उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, हासलो तं मीच होतो पह्यले." आणि ओसरीवर परत येऊन बसले.

मामाजींनी बाटली उचलली आणि मोरीत ओतली. रिकामी बाटली कुठं ठेवावी ते त्यांना समजेना. ती हातात धरूनच त्यांनी मला विचारलं, "मंग त्याले आवडत काय होतं?"

बाप विचारत होता. मी सांगितलं, आइसकांडी. लाल. खाल्ली की जीभ लाल झाली का ते आरशात बघायचे, बाप झाल्यावरसुद्धा. मामाजी भर दुपारी उन्हात त्याच स्टँडवर गेले. डोक्याला दुपट्टा बांधायचंही विसरले. स्टीलच्या डब्यात दोन कांड्या घेऊन जवळजवळ पळत आले. एक पानावर ठेवली, एक मनूला दिली. कावळा यायच्या आत पानावरची विरघळली, पुरणपोळी लाल झाली. मनूनं जीभ बाहेर काढून मला दाखवली. मामाजींनी तोंड वळवलं नाही, बघत राहिले.

निघताना त्यांनी विचारलं, "साधनाले हे माहीत हाय काय?" मी म्हटलं, तिच्यामुळेच मला कळलं. मग म्हणाले, "तिची तब्येत बरी हाय ना?" मी मनूच्या चपला शोधायला लागले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "ती येऊन सांगेल."

तेव्हा या. पत्रानं सांगू नका, फोननं तर मुळीच नाही, त्यांना ऐकू येत नाही. समोर बसून मोठ्यानं सांगावं लागेल. मी शेजारी बसेन.

हैदराबादची गाडी वाशीमला किती वाजता येते, ते त्यांनी मला दोनदा विचारलं.

तुमची,
वहिनी